सुरांनाच कात्री लावणारे संरक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ध्वनिमुद्रणातील नव्या तंत्रज्ञानाला संगीत कंपन्यांनी वेळोवेळी केलेल्या विरोधावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. हा विरोध मुख्यतः कलावंतांच्या हक्कांपोटी होता, असा लेखाचा सूर आहे. डिजिटल ऑडिओ टेप अर्थात ‘डॅट’चे प्रकरण पाहता तो पटत नाही.

सोनीने १९८७ मध्ये जपानमध्ये डॅट यंत्र विक्रीस आणले. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर खेपेस खरखर वाढते, हे दुकानातून गाणी भरून घेणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला सांगायला नको. डॅटवरील नक्कल मात्र मुळाइतकीच स्वच्छ निघत असल्याने अमेरिकी कंपन्यांचे धाबे दणाणले. ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. पण सीबीएस रेकॉर्ड्स या अमेरिकी संगीत कंपनीने नक्कल रोखण्यासाठी पुढे केलेला ‘कॉपीकोड’ म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर होता. ध्वनिमुद्रिका तयार करतानाच ३८४० हर्ट्झच्या आसपासची एक अरुंद ध्वनिपट्टी काढून टाकायची आणि ध्वनिमुद्रण यंत्रातील चिपला ती पोकळी आढळली की मुद्रण आपोआप थांबायचे, अशी ती योजना. पियानोचे अगदी टोकाचे स्वर आणि व्हायोलिनचे कितीतरी स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर) याच टापूत येतात. म्हणजे जो रसिक पूर्ण पैसे मोजून मूळ ध्वनिमुद्रिका विकत घेणार, त्याच्याच पदरी उणे संगीत पडणार होते! नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने १९८८ मध्ये चाचण्यांअंती स्पष्ट केले, की हा बदल काही संगीतात कानाला जाणवतो, यंत्रणा नेहमी बिनचूक चालत नाही आणि तिला चकवणेही सोपे आहे. त्यानंतर कॉपीकोड गुंडाळला गेला. (त्याच वर्षी सीबीएस रेकॉर्ड्स सोनीच्याच मालकीची झाली, हे जाता जाता.)

कलावंतांच्या मोबदल्याचा प्रश्न खरा होता, हे मान्यच आहे. गीतकार सॅमी कान यांनी १९९० मध्ये सोनीविरुद्ध दावा लावला आणि पुढील तडजोडीतून १९९२ चा ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायदा आला. त्यानुसार डिजिटल मुद्रण यंत्रांवर २ टक्के व कोऱ्या टेपवर ३ टक्के आकारणी ठरली, नकलेची पुन्हा डिजिटल नक्कल करण्यास यंत्रातच अटकाव आला आणि त्या बदल्यात घरगुती, बिगरव्यापारी मुद्रणाला दाव्यांपासून अभय मिळाले. आकारणीतील वाटा गीतकार, संगीतकार आणि गायक-वादकांपर्यंत पोहोचण्याची तरतूदही त्यात आहे. ही वाट १९८७ मध्येच चोखाळता आली असती. मधल्या काळात डॅट स्टुडिओंत रुजले, पण घराघरांत पोहोचले नाही. अर्थात त्याला यंत्राची भारी किंमतही कारणीभूत होती.

पुढे ‘रिओ’ या खिशात मावणाऱ्या एमपी३ प्लेअरवर कंपन्यांनी याच कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा १९९९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने रिओ या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय दिला. कारण तो गाणी संगणकाच्या हार्ड डिस्कवरून घेत होता आणि संगणक या कायद्याच्या कक्षेबाहेरच होता.

आपला,
एक वाचक, सांगली