खडा तारेच्या जोरावर राहिला पाहिजे

सिन्नर

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. तू तारेने बांधलेल्या पेंडंटची कडी उघडून त्यातला अकीक (ॲगेट) ग्राहकाकडून रस्त्यात कुठेतरी पडला, हे वाचून वाईट वाटले. यापुढे प्रत्येक खड्यामागे गोंदाचा थेंब लावावा का, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत आहे की लावू नये. गोंद काही महिन्यांनी घामाने आणि उन्हाने सुटतो, आणि तोपर्यंत त्याच्या भरवशावर तारेचे काम ढिले झालेले असते. आजीची नथ एकदा भिंगाखाली धरून पाहा. तिच्यातला प्रत्येक मोती सोन्याच्या बारीक तारेत ओवलेला आहे, तारेचे टोक मुख्य तारेभोवती वेढे देऊन आत दाबलेले आहे, आणि इतकी वर्षे वापरूनही एक मोती हललेला नाही. तुझ्या कामाचा वारसा तोच आहे, असे मी मानतो.

दागिन्यांतले मला फारसे कळत नाही. पण मोटारी रिवाइंड करण्यात आयुष्य गेल्यामुळे तांब्याच्या तारेविषयी अधिकाराने सांगू शकतो. पहिली गोष्ट गेजची, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकाची. तू परदेशी व्हिडिओ पाहून शिकतेस, तिथे अमेरिकन गेज चालतो. आपल्याकडच्या तारेच्या दुकानात गेज म्हटले की बहुधा एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, समजतात. अमेरिकन २० गेजची तार ०.८१ मिलिमीटर जाडीची असते, तर आपली २० गेजची ०.९१. फरक दिसायला नगण्य आहे, पण मण्याचे भोक ०.९ मिलिमीटरचे असेल तर पहिली तार सहज जाते आणि दुसरी अडते, मग जोर लावला की मणी तडकतो. म्हणून दुकानात गेज न सांगता मिलिमीटरमध्ये जाडी सांगत जा. चौकटीसाठी ०.८ ते १, बांधणीच्या वेढ्यांसाठी ०.३ ते ०.४, एवढ्यावर तुझे बहुतेक काम भागेल. वाइंडिंगची उरलेली तार तू मागितली आहेस, ती मात्र मी मुद्दाम पाठवत नाही. तिच्यावर वार्निशचा थर असतो. तो कानशीने खरवडला की डाग पडतात आणि तापवला की घातक धूर निघतो. तू उघडी तांब्याचीच तार घे.

कडी का उघडली, याचे उत्तर बहुधा तारेच्या नरमपणात आहे. नवी तार मऊ असते, ती जसजशी वाकवावी तसतशी कडक होत जाते, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर शेवटी मोडते. त्यामुळे तारेला हात लावण्यापूर्वी वाकण कुठे द्यायचे हे कागदावर आखून घ्यावे आणि ते एकदाच द्यावे. काम करताना तार फारच ताठ झाली, तर ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावी. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मात्र मऊ राहते. हे नेहमी खडा बसवण्याआधी करावे, कारण अचानक लागलेल्या उष्णतेने काच हमखास फुटते आणि अनेक खडेही तडकतात. उलट, जिथे ओझे पेलायचे आहे, म्हणजे वरच्या कडीत आणि कानातल्याच्या हुकात, तिथे तार कडकच हवी. हुकाचा बाक लोखंडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोकावा. कडीचे टोक नुसते जुळवून सोडू नये. कडीखालच्या तारेच्या मानेभोवती दोन-तीन घट्ट वेढे द्यावेत, टोक जिथे संपते तिथे कानशीने गुळगुळीत करावे आणि चपट्या पक्कडीने दाबून बसवावे. तुझ्या छायाचित्रात नेमका हाच वेढा एकेरी दिसतो.

आता खड्यांबद्दल. आपल्याकडच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइट आणि त्याच्यासोबत सापडणाऱ्या खनिजांचे स्फटिक पाहून तुला तसले खडे बांधायचा मोह होतो, हे मी जाणतो. पण त्यातल्या स्टिलबाइटची कठीणता मोह्स मापावर, म्हणजे खनिजांच्या कठीणतेच्या १ ते १० च्या मापावर, जेमतेम ३.५ ते ४, ॲपोफिलाइटची ४.५ ते ५, आणि ॲपोफिलाइट तर एका दिशेने सरळ पापुद्र्यासारखा सुटतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेला निळा कॅव्हन्साइटही असाच नाजूक. हे स्फटिक पेटीतच शोभतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येच अकीक आणि जास्परही मिळतात, त्यांची कठीणता साडेसहा-सातच्या आसपास असते. ते घट्ट वेढा सोसतात. अंगठीला तेच घ्यावेत.

काचेला मी कमी लेखत नाही. काचेचा रंग अनेकदा खड्यापेक्षा मोकळा असतो आणि उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे काचमणी बांधायला सुबक असतात. फक्त भोकाच्या कडेशी तार करकचून आवळू नये, कारण कपची तिथेच उडते. मात्र काच विकताना ती काचच म्हणून विकावी, याबाबत मी आग्रही आहे. ज्याला बाजारात सनसितारा किंवा गोल्डस्टोन म्हणतात, तो खड्यांच्या रांगेत ठेवलेला असतो, पण ती माणसाने बनवलेली काच आहे, आणि तिच्यात चमकतात ते तांब्याचे सूक्ष्म स्फटिक. मला तर हे कळल्यावर तो जास्तच आवडू लागला. तूही चिठ्ठीवर तसेच लिही. ज्याला आवडेल तो काच समजूनही घेईल.

त्या ग्राहकाला नवा अकीक स्वखर्चाने बांधून दे. पाठवण्यापूर्वी पेंडंट साखळीसकट दोन-तीन दिवस स्वतः गळ्यात घाल, ओढणीत अडकते का ते पाहा, आणि शेवटी कडीला धरून चांगला हिसका दे. पुढच्या आठवड्यात आई पुण्याला येत आहे, तिच्याबरोबर तारेची जाडी मोजायचा माझा जुना मायक्रोमीटर आणि बारीक कानस पाठवतो. मायक्रोमीटर शून्यावर सेट केलेला आहे, तरी वापरण्यापूर्वी एकदा तपासून घे.

तुझे बाबा