गुलमर्गला निघण्याआधी पुळणीवर सराव करा

मा. संपादक,

दिवाळी सरली की गुलमर्ग-मनालीच्या स्की सहलींच्या जाहिराती रत्नागिरी-चिपळूणपर्यंत येऊन पोहोचतात. अलीकडे त्यांत स्की टूरिंगही दिसू लागले आहे. म्हणजे स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या (स्किन) चिकटवून स्वतः चढायचे आणि राखलेल्या उतारांबाहेरच्या बर्फातून खाली यायचे. सह्याद्रीत तयार झालेल्या आपल्या मुलांना चढाई जड जात नाही. पण पायाखालचा बर्फ ओळखणे घाटवाटांवर शिकता येत नाही.

दरड म्हणजे काय, हे तळिये आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या कोकणाला सांगायला नको. मात्र दरडीचे आडाखे बर्फाला लावू नयेत. पाऊस ओसरला की आपला जीव भांड्यात पडतो. तिकडे बर्फ पडायचा थांबून लख्ख ऊन पडल्यावरही उतार सुटतो, म्हणजेच हिमस्खलन होते. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ कडक थंडीत जाड साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. त्यावर नवा आणि वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ घट्ट पाटासारखा बसतो. एका माणसाच्या वजनाने खालचा दाणेदार थर मोडला की वरचा अख्खा पाट निसटतो. बहुतेक जीवघेण्या अपघातांत तो पाट सापडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो.

असे पाट मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. मोबाइलचा कोनमापक उताराच्या दिशेने वर-खाली टेकवलेल्या काठीवर ठेवला की कोन कळतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येणे, स्कीच्या टोकापासून भेग धावत जाणे, जवळपास ताजे स्खलन दिसणे, एका दिवसात फूटभर नवा बर्फ, जोराचा वारा किंवा अचानक वाढलेली ऊब: यांतले एकही दिसले तर 30 अंशांच्या आतल्या उतारावर यावे. वर तीव्र उतार असलेल्या सपाटीवरही थांबू नये. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले, फेब्रुवारी 2024 मध्ये खिलनमर्गला एक रशियन. ही दोन्ही ठिकाणे गुलमर्गच्या गंडोलाच्या (रोपवेच्या) परिसरातली आहेत.

संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. आंतरराष्ट्रीय पाच पातळ्यांतली तिसरी पातळी अनेकांना ‘मध्यम’ वाटते. ती मध्यम नाही. त्या पातळीला माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता मोठी. अर्ध्या तासानंतर ती फारच घटते. बचाव पथक तेवढ्यात पोहोचत नाही, सोबतीच शोधतात. त्यासाठी प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (संकेत सोडणारे आणि शोधणारे छोटे रेडिओ उपकरण), किमान 240 सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि धातूचे फावडे हवे. सहा जणांत दोन ट्रान्सीव्हर हा हिशेब चालत नाही, कारण कोण गाडले जाईल हे आधी ठरत नसते.

हा सराव इथेच, पुळणीवर करता येतो. भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनालगत कोरडी वाळू असते. ओल्या खाऱ्या वाळूत संकेत दबतो, म्हणून जागा तीच निवडावी. प्रसारणावर ठेवलेला ट्रान्सीव्हर प्लास्टिकच्या डब्यात घालून फूट-दीड फूट पुरावा आणि घड्याळ लावावे. शोधणाऱ्याच्या ट्रान्सीव्हरला संकेत मिळाला की त्याच्या पडद्यावरच्या बाणाच्या दिशेने झपाझप जावे. अंतराचा अंक 3 मीटरवर आला की वेग कमी करून उपकरण वाळूलगत धरावे आणि फुलीसारखे फिरवून सर्वांत लहान अंक शोधावा. तिथून 25 सेंटिमीटरच्या अंतराने चक्राकार प्रोब मारत जावे, प्रोब डब्याला लागला की तो उपसू नये. शोध घेताना मोबाइल हातभर लांब ठेवावा, नाहीतर ट्रान्सीव्हर भलतीकडे नेतो.

खणण्याबाबत मात्र वाळू फसवते. स्खलनातला बर्फ थांबताक्षणी काँक्रीटसारखा आवळतो, त्याचे तुकडे कापूनच काढावे लागतात. प्रोबच्या डोक्यावरून खणायला सुरुवात केली तर खालच्याचा श्वास कोंडतो. उताराच्या खालच्या अंगाला, खोलीच्या दीडपट अंतरावरून, आडवे शिरावे. दमला की मागच्याने पुढे यावे.

पालकांनी आयोजकाला दर विचारताना प्रत्येकाला तिन्ही साधने मिळणार का आणि परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार, हेही विचारावे. ‘पैसे भरलेत, आता शिखर गाठूच’ म्हणणाऱ्याबरोबर मुलांना पाठवू नये.

परतल्यावर ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कप्प्यातले संपर्कबिंदू एका पावसाळ्यात गंजतात आणि पुढच्या हिवाळ्यात ते उपकरण ऐनवेळी बंद पडते.

कोकणातील काही गिर्यारोहण प्रशिक्षक,
चिपळूण