पर्सी स्कॉट यांची सुधारणा एक नव्हे, दोन

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील आरमारांवरच्या लेखात, ब्रिटिश नौदल अधिकारी पर्सी स्कॉट (१८५३-१९२४) यांनी ‘सर्व तोफा एकदम डागण्याची युक्ती १८९९ मध्ये काढली’ असे वाचले. इथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. त्यांच्यात तेरा वर्षांचे अंतर आहे आणि कामही वेगळे आहे.

१८९९ मधली गोष्ट एकेका तोफेपुरती होती. तोवरची रीत अशी, की तोफेची उंची, म्हणजे नळीचा वर-खाली कोन, ठरवून ठेवायची आणि जहाज डोलता डोलता नेम लक्ष्यावर आला की बार उडवायचा. पण मनात येणे आणि बोटाने चाप ओढणे यात जो निमिष जातो, तेवढ्यात नळी सरकलेली असे. ‘सिला’ या क्रूझरवर स्कॉट यांनी गोलंदाजाला (शब्द मूळचा तोफखान्यातलाच, क्रिकेटने नंतर पळवला) उंचीचे चाक जहाजाच्या हेलकाव्याच्या उलट सतत फिरवायला लावले. नेम धरायच्या दुर्बिणीतल्या तारा लक्ष्यावरून हलूच द्यायच्या नाहीत. गोळा भरला की बार. मात्र चाक जड किंवा त्याच्या दातेरी चाकांचे प्रमाण चुकीचे असेल, तर हात डोलण्याच्या मागे पडतो. म्हणून आधी यंत्रणा सुधारावी लागली.

खरी मेख सरावात होती. स्कॉट यांच्या ‘डॉटर’मध्ये, म्हणजे ठिपके उमटवणाऱ्या सराव-यंत्रात, तोफेसमोर छोटे लक्ष्य वर-खाली सरके आणि चाप ओढला की विजेवर चालणारी पेन्सिल कागदावर ठिपका उमटवी. एक गोळाही न दवडता रोज तालीम. त्या वर्षीच्या नेमबाजीच्या स्पर्धेत ‘सिला’च्या ४.७ इंची तोफांचे ७० पैकी ५६ गोळे लागले, म्हणजे ८० टक्के. बाकी आरमाराची सरासरी तिशीच्या आसपास होती. पुढे चीनच्या किनाऱ्यावर ‘टेरिबल’ या क्रूझरवरही हीच पद्धत रुजली. तिथेच अमेरिकी अधिकारी विल्यम सिम्स यांनी ती उचलली.

सर्व तोफा एकदम डागणे, म्हणजे ‘डायरेक्टर फायरिंग’, ही दुसरी गोष्ट. पल्ला हजारो यार्डांनी वाढला, तशी टरेटमधल्या (तोफांच्या फिरत्या चिलखती बुरुजातल्या) गोलंदाजाला धूर आणि पाण्याचे फवारे यांच्यापुढे लक्ष्य दिसेना. शिवाय प्रत्येक तोफ आपापल्या वेळी उडाली, तर पाण्यात उठलेला कुठला उसळा कुणाचा हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय पल्ल्याची दुरुस्ती होत नाही. उपाय असा : पुढच्या डोलकाठीवर उंचावर एकच नेमयंत्र. त्याची दिशा आणि उंची विजेच्या तारांतून टरेटमधल्या तबकड्यांवर दिसे. तिथल्या माणसांनी आपला काटा त्या काट्याशी जुळवायचा, एवढेच. तोफा सज्ज झाल्या की वरून एकच चाप.

यात घोटाळाही होतो. टरेट ज्या रुळांवर फिरतो त्यांची पातळी नेमयंत्राच्या पातळीशी तंतोतंत जुळत नाही. तो कल मोजून दुरुस्ती केली नाही, तर काटे जुळूनही गोळे चुकतात. आणि पल्लाच चुकीचा मोजला असेल, तर सगळे गोळे एकत्र, शिस्तीत चुकतात.

नोव्हेंबर १९१२ मध्ये ‘थंडरर’ आणि ‘ओरायन’ या एकाच वर्गातल्या, प्रत्येकी दहा १३.५ इंची तोफांच्या युद्धनौकांची तुलनात्मक चाचणी झाली. डायरेक्टर बसवलेल्या ‘थंडरर’ने ‘ओरायन’च्या सुमारे सहापट गोळे लावले.

‘नौदलाने त्यांचे ऐकलेच नाही’ हे लेखातले विधानही पुरते खरे नाही. ऐकले, पण उशिरा. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा जेमतेम आठ युद्धनौकांवर ही यंत्रणा होती. मे १९१६ च्या, जर्मन आरमाराशी झालेल्या जटलंडच्या लढाईपर्यंत मात्र ‘एरिन’ आणि ‘एजिनकोर्ट’ सोडून तिथल्या सर्व मोठ्या ब्रिटिश नौकांच्या मुख्य तोफांना ती बसली होती.

१९०७ च्या रंगकामाच्या संदेशामुळे स्कॉट यांना ‘पदावरून काढले’ असेही छापले आहे. जर्मन सम्राट कैसरसमोर आरमार मांडायचे म्हणून सराव थांबवून जहाजे रंगवायला सांगितल्यावर, तोफांपेक्षा रंगालाच मागणी दिसते, अशा अर्थाचा टोमणा त्यांनी ‘रॉक्सबर्ग’ या क्रूझरला कळवला होता. त्यावर ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल बेरेसफर्ड यांनी साऱ्या ताफ्याला कळेल अशी त्यांची कानउघाडणी केली आणि त्यांना हटवण्याची मागणीही केली. ॲडमिरल्टीने, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाने, ती मानली नाही. पुढच्याच वर्षी स्कॉट क्रूझरांचा ताफा घेऊन दक्षिण आफ्रिकेला गेले.

– एक वाचक, अलिबाग