वाऱ्याचा वेग छापलात, भरतीची वेळ कुठे आहे?

महोदय,

कालच्या अंकातला सुंदरबनातील वादळांवरचा पानभर लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण ‘अम्फान’च्या मानाने ‘यास’ सौम्य होते, असे लेखात दोनदा म्हटले आहे आणि पुरावा म्हणून चौकटीत दोन्ही वादळांचे वाऱ्याचे वेग दिले आहेत. एवढ्यावरच निकाल लावायचा? घोडामारा किंवा मौसुनी बेटावरच्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवायची कुणाची हिंमत होईल?

‘यास’ २६ मे २०२१ च्या सकाळी ओडिशात बालेश्वरच्या दक्षिणेला धडकले. वारा ताशी १३० ते १४० किलोमीटर. बंगालमधले, हुगळीच्या मुखावरचे सागरद्वीप तिथून शंभरावर किलोमीटर लांब. तरीही सागर, नामखाना, पाथरप्रतिमा इथले बांध ओलांडून खारे पाणी शेतात आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरले. कारण त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाची भरती आणि वादळाने फुगवलेले पाणी एकदमच हुगळीच्या मुखाशी आले. बंगालचा उपसागर उत्तरेकडे उथळ आणि निमुळता होत जातो, त्यामुळे वाऱ्याने लोटलेले पाणी वरच चढते. त्या भागात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक असतो. हेच वादळ ओहोटीला आले असते तर पाणी बरेच खाली राहिले असते. वाऱ्याच्या आकड्यात यातले काही म्हणजे काही दिसत नाही.

वादळाने किती पाणी चढवले हे काढायचे तर भरतीमापकाच्या नोंदीतून त्या वेळची नेहमीची भरती वजा करावी लागते. उरते ते वादळाचे पाणी. त्याला हवेचा दाब, वाऱ्याची दिशा आणि नदीची पातळी ताडून पाहिली की त्रिभुज प्रदेशातले वादळ कळू लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रबंधासाठी नेमके हेच करायला घेतले होते. पाणीपातळीच्या नोंदी एका कार्यालयाकडे मागितल्या. पत्र, स्मरणपत्र, मग ‘प्रयोजन स्पष्ट करावे’, मग पुन्हा पत्र. अखेर हातात पडल्या त्या रजिस्टरच्या पुसट झेरॉक्स. सही होती, शिक्का होता. वेळ भारतीय की ग्रिनिचची, हे कुठेच नव्हते. दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर, आणि भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर. म्हणजे वेळ चुकली की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच येऊन बसते! तिच्या आलेखात ऐन वादळात पाणी उतरताना दिसत होते. पातळीचा शून्य कुठला धरला, तेही लिहिलेले नव्हते. बंदराचा शून्य ओहोटीच्या तळाशी असतो, जमीनमोजणीचा सरासरी समुद्रसपाटीला. बांधाची उंची एका शून्यापासून आणि पाणी दुसऱ्या शून्यापासून मोजले, तर पाणी बांधावरून गेले की नाही हे सांगणार कसे? या दोन साध्या प्रश्नांना त्या कार्यालयाने शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. मुलीची मुदत संपत आली, तिने विषय बदलला. फार हुशार मुलगी होती. मला त्याचा राग आजही आहे.

हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात बसून जहाजांच्या लॉगबुकांतील दाबाच्या आणि वाऱ्याच्या नोंदी जुळवून उपसागरातल्या वादळांचा अभ्यास केला. मातला नदीवर बंदर उभारू नका, वादळाचे पाणी ते गिळेल, असे त्यांनी १८५३ मध्येच गव्हर्नर जनरल डलहौसी यांना कळवले होते. ऐकले नाही. १८६७ च्या वादळात तिथे उभारलेले कॅनिंग बंदर उद्ध्वस्त झाले. त्या काळी पिडिंग्टनना जहाजांचे कप्तान नोंदी देत होते. आज जनतेच्या पैशावर चालणाऱ्या यंत्रांच्या नोंदी विद्यार्थ्याला मिळू नयेत?

आमच्या सांगलीत पावसाळ्यात शाळकरी पोरही आयर्विन पुलाजवळची पातळी सांगते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सगळ्यांना तोंडपाठ. सुंदरबनात गोसाबातल्या माणसालाही आपल्या नदीची पातळी अशीच, तासातासाला आणि त्याच्या बांधाच्या उंचीशी ताडून, मिळायला हवी. तुमच्या लेखकाने हा प्रश्न संबंधितांना विचारायला हवा होता. निदान यापुढे वादळाची चौकट छापाल तेव्हा वाऱ्याच्या वेगाशेजारी तिथी आणि भरतीची वेळ द्या. फार तर दोन ओळी जातील.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र मरीन ड्राइव्हवरच्या लाटांचे आहे. कठडा आणि मागच्या इमारती स्पष्ट ओळखू येतात. बंगालच्या वादळाच्या बातमीला तुम्ही हे छायाचित्र याआधीही वापरले आहे. सुंदरबनातल्या मातीच्या बांधाचे एक छायाचित्र मिळवणे इतके अवघड आहे का?

– एक निवृत्त भूगोल प्राध्यापक, सांगली