बुडीत संस्थेच्या पावत्या कोण विकत घेतो? सहकार मंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बंद पडलेल्या पतसंस्था व मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या) सोसायट्यांमधील ठेव पावत्यांची खरेदी-विक्री थांबवण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर अंबाजोगाई परिसरातल्या ठेवीदारांचे दावा अर्ज भरून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर माझे एकच म्हणणे उरले आहे आणि त्यासाठीच हे पत्र. संस्था बुडते तेव्हा सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी अडकतात, पण थांबण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते. या थांबण्याच्या काळात गरिबाचे पैसे श्रीमंताकडे जातात. ते नोटरीसमोर, सही-अंगठ्यानिशी जातात, म्हणून त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

आधी बँकांचे पाहू. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण बँकेचा प्रश्न सुटून ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षे ठेवीदार ताटकळले. आणि येस बँक? ५ मार्च २०२० ला निर्बंध, १८ मार्चला उठले. स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल ओतले आणि दोन आठवड्यांच्या आत लोकांना आपले पैसे काढता येऊ लागले. येस बँक वाचवली याबद्दल तक्रार नाही. तिथे जमले ते इथे का जमत नाही, एवढेच विचारायचे आहे.

न्यायाने बोलायचे तर बँकांच्या बाबतीत सुधारणा झाली. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर देशात ठेव विमा आला. १९६२ मध्ये संरक्षण होते १,५०० रुपयांचे. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि मग पंचवीसेक वर्षे तिथेच राहिले. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरल्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, तिजोरीतून १२२ कोटी गेल्याचे प्रकरण बाहेर आले, तरीही ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे मनावर घेतले तर सहा महिन्यांत मार्ग निघतो.

पण हे सगळे बँकांपुरते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्यांच्या ठेवींना हा विमा लागूच नाही. आणि गरीब माणूस पैसे ठेवतो तो तिथेच.

तिथे का ठेवतो, याचे उत्तर शहरात ठरलेले आहे : जास्त व्याजाचा लोभ. दामदुप्पट, बारा टक्के, चौदा टक्के. हा उपदेश मी फार ऐकला. लोभ कोणाला नसतो? पण पानटपरीवाल्याचे रोजचे पन्नास रुपये घ्यायला कुठल्या राष्ट्रीयीकृत बँकेचा माणूस टपरीवर येतो? पिग्मी एजंट येतो. तो गल्लीतलाच असतो आणि लग्नात वाढायलाही असतो. मुलाच्या फीसाठी वीस हजार हवे असले तर बँकेत पगाराची स्लिप मागतात. पतसंस्थेत दोन जामीनदार आणि तासभर वेळ पुरतो. शिवाय दारावर पाटी असते : ‘ऑडिट वर्ग अ’. ती अक्षरे देणाऱ्यांपैकी मी एक होतो, म्हणून सांगतो, तो वर्ग म्हणजे त्या वर्षीच्या कागदपत्रांना दिलेला शेरा असतो. ठेवीदार त्याला सरकारची हमी समजतो आणि संस्था तो समज कधी दूर करत नाहीत. एजंटचे काय होते तेही सांगतो. संस्था बंद पडली की लोक चेअरमनला गाठू शकत नाहीत, एजंटला गाठतात. त्याची स्वतःची ठेवही तिथेच अडकलेली असते.

२०१५ मध्ये जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटवर अवसायक, म्हणजे बंद संस्थेची वसुली करून देणी भागवणारा अधिकारी, बसला. २०२३ मध्ये आमच्या बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने ठेवी परत करणे थांबवले. मधल्या काळात छोट्या पतसंस्था किती बंद पडल्या, त्यांची नावे जिल्ह्याबाहेर कोणाला माहीतही नाहीत.

पैसे अडकल्यावर काय होते ते आता पाहा. ज्याचे पंचवीस लाख अडकले त्या व्यापाऱ्याची आणखी दोन बँकांत खाती असतात, कॅश क्रेडिट असते, सोने असते. तो वकील लावतो आणि थांबतो. ज्या ऊसतोड जोडप्याने तीन हंगामांचे साठवून दीड लाख ठेवले, त्यांच्याकडे दुसरे काही नसते. मुलीचे लग्न ठरलेले असते, किंवा बाईचे ऑपरेशन. गावात पैसे मिळतात पाच रुपये शेकड्याने, म्हणजे वर्षाला साठ टक्के. नाहीतर मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, जास्तीची उचल म्हणजे आगाऊ मजुरी घ्यायची. एका कोयत्याची, म्हणजे एका जोडप्याची, उचल वाढली म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच खर्च झाली. हंगामात उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी मुकादम बदलता येत नाही. ठेवलेले पैसे होते तेव्हा हे जोडपे मुकादमाशी भाव करू शकत होते. ठेव अडकली आणि ती ताकद गेली. अवसायकाच्या ताळेबंदात यांचे नुकसान दीड लाख दिसते. खरे नुकसान कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आणि इथेच पावत्यांचा बाजार सुरू होतो. संस्था बंद पडून वर्ष-दीड वर्ष झाले की गावात एक माणूस फिरू लागतो. लाखाच्या पावतीचे तीस हजार रोख देतो, कधी वीसच. अडलेला माणूस देऊन टाकतो. ही पावती जाते संस्थेच्या एखाद्या बड्या थकबाकीदाराकडे. तो ती अवसायकापुढे ठेवतो आणि पूर्ण लाखाचे कर्ज फेडल्याचे दाखवून घेतो. खात्यात याला समायोजन किंवा वर्गावट म्हणतात. रायसोनी प्रकरणात पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये केलेल्या कारवाईत आरोप याच स्वरूपाचे होते. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण ही पद्धत एका संस्थेपुरती नाही, हे तुमचे कोणतेही जिल्हा उपनिबंधक खासगीत सांगतील.

या व्यवहाराच्या बाजूने युक्तिवाद असा असतो की ठेवही कमी झाली, कर्जही कमी झाले, कोणाचे काय बिघडले? हिशेब मांडून दाखवतो. समजा ठेवी दहा कोटी आहेत आणि वसूल होण्यासारखे कर्ज चार कोटी. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रुपयामागे चाळीस पैसे. आता एका थकबाकीदाराने तीस लाखांत एक कोटीच्या पावत्या गोळा केल्या आणि आपले एक कोटीचे चांगले, तारण असलेले कर्ज मिटवले. उरल्या ठेवी नऊ कोटी, वसूल होणारे कर्ज तीन कोटी. रुपयामागे तेहतीस पैसे. ज्यांनी पावती विकली त्यांना तीस पैसे मिळाले. ज्यांनी विकली नाही त्यांचेही सात पैसे गेले. आणि ज्याच्यामुळे संस्था बुडाली तो सत्तर लाख वाचवून, सातबारावरचा बोजा उतरवून मोकळा झाला. त्याची जमीन आता लिलावातही येणार नाही. मी आयुष्यभर ताळेबंद तपासले, पण थकबाकी ठेवण्याचे इतके चांगले बक्षीस दुसरीकडे पाहिले नाही.

सायप्रसमध्ये २०१३ साली बँका कोसळल्या तेव्हा छोट्या ठेवींवरही पावणेसात टक्के कपात करण्याचा प्रस्ताव आला होता. लोक खवळले आणि तिथल्या संसदेने तो फेटाळला. एक लाख युरोपर्यंतच्या ठेवी शेवटी सुरक्षित राहिल्या. आपल्याकडे माणूस सत्तर टक्के कपात स्वतःच्या सहीने स्वीकारतो आणि त्यावर विधानसभेत लक्षवेधीसुद्धा लागत नाही.

तुमच्या हातात काय आहे, हे मला माहीत आहे. मल्टिस्टेट केंद्राच्या कायद्याखाली येतात, हे उत्तर तयार असते. ते अर्धेच आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा राज्याचा आहे, त्याखालचे सक्षम प्राधिकारी राज्याचे अधिकारी आहेत. पतसंस्थांवरचे अवसायक तर थेट तुमच्या खात्याचे निबंधक नेमतात. तेव्हा पहिली गोष्ट ही करा : संस्थेने पैसे देणे थांबवल्याच्या तारखेनंतर हस्तांतरित झालेली कोणतीही पावती कर्जापोटी जमा धरू नये, असा आदेश काढा. कर्जदाराची स्वतःची किंवा त्याच्या घरातली जुनी ठेव असेल तर ती वळती करायला हरकत नाही, विकत घेतलेली नको. कायद्यात बदल लागत असेल तर अध्यादेशाचा रस्ता सरकारला अनोळखी नाही. आधी झालेल्या वर्गावटी तपासा आणि गैरव्यवहार आढळेल तिथे बोजा पुन्हा चढवा.

दुसरे, वसुलीतून येणारा पहिला पैसा छोट्यांना द्या. पन्नास हजारांपर्यंतच्या ठेवी आधी पूर्ण, मग बाकीच्यांना प्रमाणात. मोठे ठेवीदार चिडतील. त्यांची बाजूही खरी आहे, त्यात निवृत्त शिक्षक आणि एसटीचे कर्मचारी आहेत, ज्यांनी फंडाची सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवली. त्यांच्यासाठी वैद्यकीय कारणाची वेगळी खिडकी ठेवा. पण पन्नास हजारवाला बाजारात पावती विकायला येणारच नाही, अशी सोय झाली तर त्या दलालाचा धंदा आपोआप बसतो.

राज्य नोंदणीच्या पतसंस्थांसाठी अंशदान आणि स्थिरीकरण निधीची योजना तुमच्याच खात्याने आखली. त्या निधीत आजवर किती जमा झाले आणि कोणत्या संस्थेच्या किती ठेवीदारांना प्रत्यक्ष पैसे मिळाले, हे जिल्हावार जाहीर करा. आणि तोवर प्रत्येक पतसंस्थेच्या काउंटरवर ‘ऑडिट वर्ग अ’ इतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला लावा : ‘येथील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही.’ चांगल्या पतसंस्था नाराज होतील. त्या आहेतही, आणि याच राज्यात त्यांनी सावकारी मोडून काढली आहे. त्यांना भीती वाटण्याचे कारण नाही, त्यांचा ठेवीदार पाटी वाचूनही सोडून जाणार नाही.

सहकार कायद्याच्या कलम ८८ च्या (नुकसानीची जबाबदारी ठरवणाऱ्या) चौकशा आणि कलम १०१ चे वसुली दाखले यांबद्दल लिहायचे तर वेगळे पत्र होईल. दाखले भरपूर निघतात, वसुली अधिकारी बाहेर निघत नाहीत.

पावत्यांबाबतचा आदेश पुण्याच्या सहकार आयुक्त कार्यालयातून दसऱ्याआधी निघावा, अशी विनंती आहे. दसरा-दिवाळीला मुकादम उचल वाटायला येतात आणि पावत्या घेणारे दलालही त्याच आठवड्यांत गावात असतात.

आपला,
एक निवृत्त सहकारी लेखापरीक्षक
अंबाजोगाई, जि. बीड