अमेरिकेच्या कॉलेजात स्ट्रेंथ कोच व्हायचंय म्हणतेस तर

पुणे, सदाशिव पेठ

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

'असिस्टंटशिप मिळाली तर उत्तमच, नाहीतर कर्ज काढीन,' असं तू फोनवर म्हणालीस आणि मी गप्प झाले. जन्मभर बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेल्या आईला असं ऐकवायचं नसतं गं.

तू जा. पण कर्ज काढून नको. स्ट्रेंथ कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद वाढवणारा प्रशिक्षक, त्याची तिथली उतरंड मी वाचून काढली: आधी बहुधा बिनपगारी इंटर्नशिप, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग असिस्टंट कोच, आणि डायरेक्टर होणारे थोडेच. असिस्टंटशिपमध्ये बऱ्याच ठिकाणी फी माफ होते, वर थोडं मानधन मिळतं. सुरुवातीच्या पगारात मोठ्या कर्जाचा हप्ता बसत नाही. एक मात्र लक्षात ठेव. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि या धंद्यात पहाटे पाचला जिम उघडणाऱ्याचे तास कुणी मोजत नाही. तुझे तू मोज.

सीएससीएसची, म्हणजे स्ट्रेंथ कोचच्या प्रमाणपत्राची, परीक्षा इथूनच देऊन जा. पदवी झालीच आहे, सीपीआरचं प्रमाणपत्र काढावं लागेल.

या कामाची सुरुवात कशी झाली ते वाचून गंमत वाटली. 1969 साली नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली हा पोल व्हॉल्टवाला पाठ दुखावली म्हणून वजनं उचलत होता. ते बघून अमेरिकन फुटबॉलची मुलं त्याच्या मागे लागली आणि विद्यापीठाने त्यालाच कामावर घेतलं. वजनं उचलून अंग जड होतं, असा तेव्हा समज होता. मुख्य कोचने म्हणे बजावलं, एक जरी खेळाडू मंदावला तरी तुला काढलं. ती तलवार अजून तशीच आहे. संघ हरला की मुख्य कोच जातो, आणि त्याच्या मागोमाग त्याने आणलेला स्ट्रेंथ कोचही. म्हणून फुटबॉलच्या झगमगाटाला भुलू नकोस. पोहणं, व्हॉलीबॉल, अ‍ॅथलेटिक्स असे चार-पाच संघ एकत्र सांभाळायचं काम असतं, ते बघ. पैसा कमी, पण एकाच माणसाच्या मर्जीवर पोट नसतं.

मला धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. 2011 च्या जानेवारीत आयोवा विद्यापीठाचे 13 फुटबॉलपटू रुग्णालयात दाखल झाले. सुट्टीवरून परतलेल्या पोरांना जास्तीत जास्त पेलेल त्याच्या निम्म्या वजनाने 100 स्क्वॉट मारायला लावले होते. स्नायू फुटून रक्तात उतरले, लघवी काळपट झाली. र‍ॅब्डो म्हणतात, तुला माहीत असेलच. आपल्याकडे चिंचेच्या तालमीतला वस्तादसुद्धा गावाकडून परतलेल्या पठ्ठ्याला पहिल्या दिवशी पूर्ण जोर-बैठका मारू देणार नाही. आजोबांना विचार. उद्या मुख्य कोच तुला म्हणेल, 'यांना जरा रगड.' तेव्हा तू नोकरीत नवी असशील, परक्या देशात, व्हिसा त्याच कॉलेजाच्या नावावर. तरीही नाही म्हणायचं. असिस्टंटशिपच्या मुलाखतीत सरळ विचार: खेळाडूला थांबवायचा अधिकार कुणाचा, कोचचा की डॉक्टरचा? गुळमुळीत उत्तर आलं तर ती जागा सोड, फी माफ असली तरी.

बालेवाडीत तू ज्युनिअर मुलींकडून करून घेतलेल्या व्यायामाच्या वह्या माळ्यावर आहेत. अर्जासाठी हव्या असतील तर कळव, बाबा स्कॅन करून पाठवतील. मावशीला सध्या 'पुढचं शिकायला चाललीय' एवढंच सांगितलंय. बाकीचं तू आल्यावर सांग तिला.

तुझी,
आई