हुशार मुलांना जास्तीची नव्हे, अवघड गणिते द्या

संपादक महोदय,

वर्गातली काही मुले दिलेले काम चुटकीसरशी उरकतात. मदतीला आलेला स्वयंसेवक मग त्यांना त्याच धाटणीची आणखी वीस गणिते देतो, नाहीतर मागे पडलेल्यांना शिकवायला बसवतो. दोष त्याचा नाही, त्याला वेगळे काही शिकवलेलेच नसते.

प्रशिक्षणात कोडे आधी स्वयंसेवकाने स्वतः सोडवावे. उदाहरणार्थ, शून्य न वापरता 1 ते 20 पैकी कोणत्या संख्या लागोपाठच्या संख्यांच्या बेरजेने मिळतात? 9 म्हणजे 4+5, शिवाय 2+3+4. पण 1, 2, 4, 8, 16 काही केल्या जमत नाहीत. मूल इथे अडते आणि स्वयंसेवक नेमका इथेच उत्तर सांगून मोकळा होतो. म्हणून जोडीने सराव हवा: एकाने मूल व्हायचे, दुसऱ्याने फक्त ‘कशावरून?’, ‘नेहमीच का?’ एवढेच विचारायचे आणि निदान तीन सेकंद गप्प राहायचे. (मोठ्यांना हेच सर्वांत जड जाते.)

गट चारच मुलांचा असावा. तासानंतर शिक्षकांसाठी दोन ओळी लिहाव्यात: मूल कुठे अडले, पुढे काय द्यायचे. ‘छान काम केले’ ही नोंद कुचकामी.

– स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणारे काही शिक्षक